खलफ उस्ताची नजर

शाझली तिसऱ्या मजल्यावरून का पडला हे समजून घेण्यासाठी हाजी झैनहुमने समिती नेमली. समितीत तिघं होते. एक स्वतः हाजी. इमारतीचा मालकही तोच आणि ठेकेदारही तोच. दुसरा त्याचा मुकादम फरगली. तिसरी हाजीच्या बायकोच्या ओळखीतली एक बाई, जी तुरटी जाळून दृष्ट काढायची. शाझली ज्या फळीवरून पडला ती फळी समितीपुढे आलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच चहाच्या चुलीत गेली होती आणि आतून पार भुसा झालेली असल्यामुळे भुरुभुरु जळली होती.

मुकादमाच्या खोपटात समिती बसली. बाईने कागदाची बाहुली कातरली, तिला सुईने टोचे मारले, शेगडीत धूप टाकला आणि मग निखाऱ्यावर तुरटीचा खडा ठेवला. खडा फुगला, फसफसला, वेडावाकडा झाला. नजर लावणाऱ्याचा चेहरा खड्यात उमटतो म्हणतात, म्हणून तिन्ही डोकी खाली वाकली.

"मिशा दिसतात," फरगली म्हणाला.

"कुठं रे?" हाजी म्हणाला.

"या काय! तुम्ही तिकडून बघताय. इकडून बघा."

हाजी उठून इकडे आला. इकडून मिशा होत्या.

"लांब आहेत," बाई म्हणाली. "आणि खाली वळलेल्या."

"मग झालं तर!" फरगलीने मांडीवर थाप मारली. "आपल्या कामावर असल्या मिशा एकालाच आहेत. हाजी, मी पहिल्यापासून सांगतोय, खलफ उस्ताची जीभ काळी आहे. तो बोलला की झालंच म्हणून समजा."

आणि हे मात्र खरं होतं. खलफ बोलला की ते होत असे. तो म्हणाला होता, कप्पीचा दांडा वाकलाय, तुटेल. तुटला. म्हणाला होता, सिमेंट उघड्यावर ठेवलंय, भिजेल. भिजलं. शाझली पडला त्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "हाजी, तिसऱ्या मजल्यावरची फळी कुजलीय. आज ना उद्या माणूस जाईल." त्यावर हाजी म्हणाला होता, "अरे, सकाळी सकाळी तोंडातून काहीतरी चांगलं काढ की!" अकरा वाजता फळी मोडली. एवढा पुरावा तर कोर्टातही मागत नाहीत.

समितीने निकाल दिला: नजर लागली. सरकारी कचेरीत जो कागद जायचा तो हाजीच्या भाच्याने लिहिला. 'अपघाताचे कारण' या रकान्यात त्याने 'कामगाराचे दुर्लक्ष' असं लिहिलं, कारण नजरेसाठी कागदात वेगळा रकाना नव्हता. मग हाजीने अल्लाच्या नावाने एक मेंढा कापला, त्याच्या रक्ताचे पंजे खांबाखांबावर उमटवले आणि सगळ्यांना पोटभर मटण खाऊ घातलं. त्या मेंढ्याच्या पैशात अख्ख्या इमारतीला नवे दोर आले असते. पण असलं काही बोलून दाखवणारा कामावर एकच माणूस होता, आणि त्याने आता तोंड उघडलं की लोक कानांवर हात ठेवत होते.

खलफ चोपन्न वर्षांचा, गिलाव्याचा उस्ता, म्हणजे तरबेज कारागीर. मूळचा असियूतकडचा, पण तीस वर्षं अलेक्झांड्रियात भिंतींना गिलावा करण्यात गेली. बायको वारलेली. एकच मुलगी, बदरिय्या. आणि शाझली हा त्याचा जावई. म्हणजे ज्याच्यासाठी पंधरा दिवस घसा कोरडा केला तोच पडला, आणि पाडला कुणी, तर सासऱ्याने! वाळूच्या ढिगावर पडला म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. नडगी दोन ठिकाणी मोडली, मनगट गेलं. बदरिय्याला तेव्हा सातवा महिना होता, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच.

दुसऱ्याच दिवसापासून खलफला वाळीत टाकल्यासारखं झालं. सकाळी दहाला सगळे एका परातीभोवती बसून शिजवलेले बाकल्याचे दाणे, कांदा आणि भाकरी खायचे. आता खलफ येऊन बसला की परात उठून दुसरीकडे जायची. खोलीवर पाच जण राहायचे. त्यांनी त्याची खाट अशी फिरवली की झोपल्यावर तोंड भिंतीकडे व्हावं.

"राग मानू नका, उस्ता," त्यातला एक म्हणाला. "तुम्ही देवमाणूस. दोष तुमचा नाही, डोळ्यांचा आहे."

"अरे गाढवांनो, फळी कुजली होती!"

"होती ना. पण कुजवली कुणी?"

 भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या कधी कधी खलफलाच वाटायचं, त्या सकाळी आपण गप्प बसलो असतो तर? मग त्याला स्वतःचाच संताप यायचा. त्याने ती फळी बोटाने दाबून बघितली होती, आणि बोट पेरापर्यंत आत गेलं होतं. बोटाला कसली आलीय नजर?

हाजी त्याला कामावरून काढणारच होता. फरगलीने अडवलं.

"हाजी, जरा विचार करा. काढलंत तर तो जाईल. जाताना फाटकापाशी थांबेल. वळून वर बघेल. अकरा मजले आहेत आपले."

हाजीने विचार केला आणि खलफचा रोज तसाच चालू ठेवला.

आठवड्याभराने एक गोष्ट घडली. खलफ शिडीवरून चौथ्या मजल्यावर चढत होता. मधेच एक पायरी पायाखाली करकरली. जुन्या सवयीने तो थांबला, खाली बघून म्हणाला, "ही पायरी..."

एवढंच. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. खालून फरगली बोंबलला, "बदला! ती पायरी आधी बदला! बघितलं त्यानं!" दोन माणसं हातोडा आणि खिळे घेऊन धावली. पाच मिनिटांत नवीकोरी पायरी ठोकून झाली.

खलफ शिडी धरून तसाच उभा राहिला. तीस वर्षांत त्याच्या सांगण्यावरून कुणी एक खिळा बदलला नव्हता. त्याने विनवण्या केल्या होत्या, भांडणं केली होती, एकदा तर रोजावर पाणी सोडून घरी बसला होता. आणि आज अर्ध्या वाक्यात काम झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने खात्री करून घ्यायचं ठरवलं. पाचव्या मजल्यावरच्या परांचीला एक फळी होती, मधोमध चीर गेलेली. तक्रार करायची झाली तर चीर कुठं, कशी, कधीपासून हे सगळं सांगावं लागतं. खलफने तक्रार केलीच नाही. फळीसमोर उभा राहिला, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा! काय फळी आहे! लोखंड आहे, लोखंड!"

आणि कौतुकाची दृष्ट लागू नये म्हणून पाठोपाठ म्हणायचं असतं ते माशाल्ला म्हणाला नाही.

फळीवर दोघं काम करत होते. ते थापी-घमेलं टाकून असे उतरले की खाली आल्यावर एकाच्या पायात दुसऱ्याची चप्पल होती. फळी निघाली, नवी आली.

मग काय विचारता! ज्याचं कौतुक करावं ते दुपारपर्यंत बदललेलं. काँक्रीटच्या यंत्राची वायर जागोजागी सोललेली होती. खलफ म्हणाला, "किती वर्षं झाली, पण अजून कशी ठणठणीत!" संध्याकाळी नवी वायर. जिन्याला कठडा नव्हता. "किती मोकळं मोकळं वाटतं इथं!" दुसऱ्या दिवशी कठडा. लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात वाकून तो नुसता "ओहो!" म्हणाला, तर तासाभरात खड्ड्यावर झाकण आलं आणि झाकणावर दृष्टीचा निळा मणी. हाजी पैसे मोजताना कळवळायचा, पण मोजायचा. लाकडाच्या वखारवाल्याला वाटलं हाजीला कुठूनतरी गुप्तधन सापडलंय.

तीन महिन्यांत कामावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कचेरीचा साहेब तपासणीला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "हाजी, या भागात रोज कुठं ना कुठं माणूस पडतोय. तुमच्याकडं कुणीच नाही. करता तरी काय?"

"शिस्त, साहेब," हाजी मान तिरकी करून म्हणाला. "शिस्त आणि अल्लाची कृपा."

तेवढा वेळ खलफला पाण्याच्या टाकीमागे उभं करून ठेवलं होतं. साहेबाची गाडी नवी होती.

खलफला या सगळ्याची गंमत वाटायची, नाही असं नाही. कधी कधी तर मुद्दाम हळू चालायचा, एकेका वाशाशी थांबायचा, आणि फरगलीला घाम फुटलेला बघून मिशीत हसायचा. पण हे हसू फार दिवस टिकलं नाही. बदरिय्याला मुलगा झाला.

बातमी कळली तसा तो कामावरून सुटल्या सुटल्या बाजारात गेला. बाळंतिणीसाठी एक जिवंत कोंबडी आणि साखरेचा पुडा घेतला, आणि शाझलीच्या बिऱ्हाडी पोचला. दोन गल्ल्या पलीकडेच ते होतं. दार ठोठावलं. दार चार बोटं उघडलं आणि फटीत शाझलीच्या आईचं, अतियातचं नाक दिसलं.

"मी आहे, विहीणबाई. खलफ."

"दिसलं. तिथूनच बोला. आणि खाली बघा."

खलफने खाली बघितलं. "पोराचं तोंड बघतो आणि जातो. दोन मिनिटं."

"माझ्या पोराचा पाय बघितलात, तेवढं पुरे झालं."

"अहो, ती फळी कुजली होती!"

"फळ्यांचं मला सांगू नका. आमच्या खाटेच्या फळ्या वीस वर्षं कुजतायत, आजवर कुणी पडलं नाही. का? तर तुम्ही त्या बघितल्या नाहीत."

"बरं, मी डोळे मिटून घेतो. नुसतं मांडीवर द्या."

"पापण्या पातळ असतात."

आतून बदरिय्याचा आवाज आला, "आई, येऊ द्या ना त्यांना! माझे वडील आहेत ते!"

"तुझे वडील आहेत म्हणून तर चार बोटं उघडलंय," अतियात मागे न बघता म्हणाली. "दुसरा असता तर दारात पाणी ओतलं असतं."

तेवढ्यात आत पोर रडलं. आवाज असा खणखणीत होता की 'काय गळा आहे!' हे शब्द खलफच्या ओठांवर आलेच होते. त्याने ते दाताखाली दाबून धरले.

"नाव काय ठेवलं?" त्याने विचारलं.

"शहाता."

शहाता म्हणजे भिकारी. पोराला दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचं नाव. कुणाची, ते विचारायची गरज नव्हती. खलफने कोंबडी आणि साखर फटीतून आत सरकवली. अतियातने दोन्ही घेतलं. कोंबडीला दृष्ट लागायची तिला धास्ती नव्हती. ती तिला संध्याकाळीच कापायची होती.

दार लागल्यावर खलफ बराच वेळ जिन्यात उभा राहिला. त्याला फार लागलं. त्याच्या नजरेमुळे चाळीस माणसं रोज धडधाकट घरी जाऊन आपापली पोरं खांद्यावर घेत होती, आणि त्याच्या वाट्याला दाराची फट आली होती. सातव्या दिवशी चाळणीत घालून पोराला झुलवलं, गल्लीभर खारे दाणे वाटले, तेव्हा तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत पाठमोरा बसून ढोलकी ऐकत होता. फोटो तरी दाखव म्हणून त्याने शाझलीला गळ घातली. शाझली कुबडीवर रेलून मान खाली घालून म्हणाला, "काका, आई म्हणते फोटोलाही लागते."

खलफची नजर उतरवावी असं हाजीच्या मनात आलं, ते काही त्याला खलफची दया आली म्हणून नव्हे. घर विकत घ्यायला एक जोडपं आलं होतं. हाजी त्यांना दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर दाखवत होता आणि खलफ तिथं गिलाव्याचा शेवटचा हात मारत होता. तो आपल्या भाबडेपणाने म्हणाला, "बाई, उजेड काय सुरेख येतो इथं!" यात काहीच डाव नव्हता, उजेड खरोखरच सुरेख येत होता. पण बाई त्याच मोहल्ल्यातली निघाली. तिने नवऱ्याच्या कोटाची बाही धरली आणि दोघं बयाणा न देताच निघून गेले.

"आता मात्र हद्द झाली," हाजी फरगलीला म्हणाला. "दोर गेले, फळ्या गेल्या, आता गिऱ्हाईकं चालली. मशिदीतल्या शेखला बोलाव."

शेखने उपाय सांगितला, तो जुनाच होता. ज्याची नजर लागली त्याने हात, तोंड, कोपरं, गुडघे धुवावे, आणि ते पाणी ज्याला लागली त्याच्या अंगावर मागून ओतावं. नजर धुऊन जाते. दिवस ठरला गुरुवारचा, काम सुटल्यावर. योगायोगाने पोराचा चाळिसावा दिवसही तोच, त्यामुळे त्याला घराबाहेर काढायला हरकत नव्हती. अतियातने बरेच आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं. "शेखने माझ्यासमोर सांगितलं की गेली, तर तिथल्या तिथं यांच्या मांडीवर देईन."

खलफला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. न्हाव्याकडे जाऊन त्याने मिशा कातरून घेतल्या, म्हणजे तुरटीवाल्या बाईचा तोही पुरावा गेला. पोरासाठी पांढरी लोकरी टोपी घेतली आणि ती खिशातून दिवसातून दहादा काढून बघितली. टोपीकडे बघताना मात्र दर वेळी आठवणीने माशाल्ला म्हणाला.

बुधवारी दुपारी आठव्या मजल्याची परांची बांधायला सुरुवात झाली. खलफ खालून बघत होता. वासे बांधायला जो दोर वर चालला होता तो त्याने ओळखला. तोच तो, काही महिन्यांपूर्वी त्याच्या कौतुकामुळे सोडवलेला, काळपट, जागोजाग तंतू सुटलेला. हाजीने कधी काही फेकून दिलं नव्हतं. सगळं खोपटामागे राखून ठेवलं होतं.

"फरगली," तो म्हणाला, "हा दोर कुजलाय."

फरगली खोपटाच्या दारात बसून कॅसेटवरचं गाणं ऐकत होता. तो अगदी निवांत हसला.

"माहितीय. सातव्यालाही आजच तोच गुंडाळला. नवा दोर हाजी आता आणत नाही म्हणाले."

"माणूस पडेल."

"उस्ता, उद्या तुझी नजर उतरतेय. उद्यापासून तू चारचौघांसारखा. मग बोलत बस की. चारचौघांचं आम्ही कुठं ऐकतो?"

खलफने शाझलीला गाठलं. त्याचा पाय बरा झाला होता, शनिवारपासून तो कामावर यायचा होता, आणि फरगलीने त्याला आठवा मजलाच दिला होता.

"त्या परांचीवर चढू नकोस. दोर कुजलाय."

"काका, चार महिने घरी बसलोय. नाही म्हटलं तर फरगली दुसऱ्याला घेईल." शाझलीने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आणि हात जोडतो, उद्याचा दिवस तरी असलं काही बोलू नका. आई मोठ्या मुश्किलीने तयार झालीय. एकदा पोर मांडीवर घ्या, मग दोराचं बघू."

मग दोराचं बघू! खलफ त्या दिवशी गिलावा करताना तीन वेळा थापी विसरला. हाजीला सांगितलं, तर हाजी म्हणाला, "उद्या मेंढा कापतोय ना? मग?" कचेरीच्या साहेबाला सांगावं, तर साहेबाच्या मते हेच काम सगळ्यात शिस्तीचं होतं.

गुरुवारी उन्हं उतरली तेव्हा इमारतीपुढे सगळे जमले. एकीकडे मेंढ्याचं मटण रटरटत होतं. शेखने गिलाव्याचंच एक घमेलं धुऊन घ्यायला लावलं आणि त्यापुढे बसून खलफने त्यात हात धुतले, तोंड धुतलं, कोपरं धुतली, लेंगा वर करून गुडघे धुतले. शेखने दुआ पुटपुटत ते पाणी पाठीमागून शाझलीच्या डोक्यावर ओतलं. पाण्यात सिमेंटचा अंश होता, त्यामुळे शाझलीचे केस पांढरे झाले. लोक हसले. चार महिन्यांत लोक खलफच्या जवळ उभे राहून पहिल्यांदाच हसत होते.

"गेली," शेख म्हणाला. "लेकरू आणा, बाई."

अतियात पुढे निघाली. तिच्या हातात पांढऱ्या दुपट्यातलं गाठोडं होतं, तोंडावर पातळ फडका. मागे बदरिय्या, रडत आणि हसत. दहा पावलांचं अंतर होतं. खलफ उठून उभा राहिला, ओले हात सदऱ्याला पुसले, खिशातली टोपी काढली. सहा पावलं. फडक्याखालून एक पाऊल बाहेर आलं होतं, तांबूस, त्याच्या अंगठ्याएवढं. ते एकदा आकसलं आणि पुन्हा पसरलं. चार पावलं.

आणि तेव्हा अतियातच्या डोक्यावरून त्याला आठव्या मजल्यावरची परांची दिसली. वाऱ्याने वासे जरासे हलत होते, आणि गाठीचं एक टोक सुटून लोंबत होतं. शाझली खाली उभा राहून केसांतलं सिमेंट झटकत होता.

खलफला सगळं एकदमच कळलं. पोर एकदा हातात आलं आणि त्याला काही झालं नाही, की त्याची नजर गेली हे सिद्ध होणार. मग खलफच्या जिभेला कुणी कुत्रं विचारणार नाही. शनिवारी सकाळी तो सांगेल की दोर कुजलाय, हाजी म्हणेल की तोंडातून चांगलं काढ, आणि अकरा वाजता...

दोन पावलं राहिली होती. अतियातने हात पुढे केले.

खलफने पोराकडे पाठ फिरवली, मान वर केली आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा! काय परांची बांधलीय! आणि दोर तर बघा! जन्मात तुटायचा नाही! शाझली, शनिवारी त्यावर उभा राहिलास की काय देखणा दिसशील रे!"

तो थांबला. सगळे एकाच शब्दाची वाट बघत होते. तो शब्द खलफने गिळला.

अतियातने किंकाळी फोडली. दुपट्यावर दुपटं, त्यावर स्वतःची ओढणी, असं पोराला छातीशी आवळून ती फाटकाकडे पळत सुटली. बदरिय्या जागच्या जागी उभी होती. "बाबा, हे काय केलंत?" एवढंच ती म्हणाली, आणि सासूच्या मागे धावली. खलफच्या हातात टोपी तशीच होती.

"पाडा ती!" हाजी ओरडला. "आत्ताच्या आत्ता उतरवा!"

चार माणसं वर गेली. पहिल्याने गाठ सोडायला दोराला नुसता हात घातला, तर दोर त्याच्या मुठीत आला, आतून काळा आणि पिठासारखा झालेला. दोन वासे निसटले आणि आठव्या मजल्यावरून धाडकन खालच्या फरशीवर आदळले. शाझली पडला तेव्हाचा वाळूचा ढीग केव्हाच संपला होता. फरशीचे तुकडे शेखच्या पायापर्यंत उडाले.

 पहिल्यांदा शेखलाच कंठ फुटला.

"चाळीस वर्षं हे काम करतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "अशी नजर बघितली नाही. हात न लावता दोर तोडला!"

"आणि तोही आंघोळ झाल्यावर!" फरगली म्हणाला.

शाझलीने फरशीवर पडलेला दोराचा तुकडा उचलला. बोटांत चुरगळून बघितला. मग त्याने सासऱ्याकडे बघितलं, आणि तो काहीतरी बोलणार असं वाटलं. पण फाटकातून आईची हाक आली, "शाझली! मागे फीर आधी, त्याच्याकडं बघू नकोस!" तो लंगडत निघाला. तुकडा मात्र त्याने खिशात टाकला.

माणसं मटणाच्या पातेल्याकडे सरकली, जरा घाईनेच, खलफपासून लांबची बाजू धरून. फरगली तेवढा मागे राहिला. दहा हातांवर उभं राहून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "उस्ता, तुझ्या लेकीची शपथ, एक ऐक. आज तुझ्या डोळ्यांना धार आलीय. सातव्या मजल्याकडं तेवढं बघू नकोस. तिथंही तोच दोर आहे."

खलफने टोपीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. बाहीने डोळे पुसले. मग मान वर करून सातव्या मजल्याकडे बघितलं, आणि तिथं आलोच आहोत म्हणून सहाव्याकडेही.